आल्प्सच्या खोऱ्यांतील हिवाळी हवा : दोष ट्रकचा की घरातल्या शेकोटीचा?

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, माँ ब्लाँ या सुविख्यात हिमशिखराच्या पायथ्याशी, पासी नावाचे एक गाव आहे. आनसी धर्मप्रांतातील हे गाव एखाद्या दुमजली घरासारखे वसलेले आहे. आर्व्ह नदीच्या काठचा सपाट तळ, समुद्रसपाटीपासून साधारणतः ५५० ते ६०० मीटर उंचीवरचा, हा त्याचा खालचा मजला. आणि डोंगराच्या खांद्यावर सुमारे १,००० मीटर उंचीवर पसरलेले आसीचे पठार हा वरचा मजला. या पठारावर 'सर्व कृपांची माता' या नावाने पवित्र मरियेला समर्पित केलेले चर्च आहे. रुओ, मातीस, लेजे, ब्राक, शागाल अशा विसाव्या शतकातील दिग्गज कलावंतांच्या कलाकृती एका डोंगराळ गावाच्या चर्चमध्ये एकत्र नांदाव्यात, हे नवलच म्हणावयाचे. सन १९५० मध्ये या चर्चचा अभिषेक झाला.

हे चर्च त्या उंचीवर का बांधले गेले, तेथून आमच्या आजच्या विषयाला सुरुवात होते. क्षयरोगावर प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळात डॉक्टर रुग्णांना उंचावरची कोरडी व निर्मळ हवा घेण्यास पाठवीत असत. आसीच्या पठारावर त्यासाठी एकामागून एक आरोग्यधामे उभी राहिली. मादाम मारी क्युरी यांचे ४ जुलै १९३४ रोजी निधन झाले, ते याच पठारावरील साँसेलमोझ आरोग्यधामात. त्या आरोग्यधामाचे आध्यात्मिक सेवक असलेले धर्मगुरू देवेमी यांनी रुग्णांसाठी व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक प्रार्थनामंदिर असावे म्हणून प्रयत्न केले, आणि १९३७ साली बांधकाम सुरू झाले. म्हणजे छातीच्या विकाराने पीडित झालेल्या माणसांनी जेथे श्वास घ्यावयास यावे, असे हे गाव होते.

आज याच गावाचा खालचा मजला फ्रान्सभर ओळखला जातो तो वाईट हवेमुळे. हिवाळ्यात आर्व्हच्या खोऱ्यावर करड्या धुराचा पट्टा दिवसच्या दिवस पसरून राहतो. वरच्या चर्चच्या अंगणात पुष्कळदा लख्ख ऊन असते, आणि तेथून खाली पाहिले तर जेमतेम चारशे मीटर खालची वस्ती त्या पट्ट्याखाली बुडालेली असते. फ्रान्सच्या राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आर्व्हच्या खोऱ्यात सूक्ष्म कणांच्या प्रदूषणामुळे दरवर्षी सुमारे ८५ मृत्यू होत होते. खोऱ्यातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास भरते. कारखान्यांच्या महानगराबद्दल असे आकडे वाचले तर आपणांस आश्चर्य वाटत नाही. पण हिमशिखरे, देवदाराची वने आणि स्कीइंगसाठी येणारे पर्यटक असलेल्या प्रदेशाबद्दल ते वाचताना मनुष्य थबकतो.

बोगदा बंद पडला तेव्हा

खोऱ्यातील रहिवाशांना विचारले असता वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळत असे : ट्रक. हे उत्तर निराधार नव्हते. माँ ब्लाँच्या पोटातून खणलेला ११.६ किलोमीटर लांबीचा बोगदा १९६५ साली वाहतुकीस खुला झाला आणि फ्रान्स व इटली यांच्यामधील अवजड मालवाहतूक या अरुंद खोऱ्यातून, शामोनी शहराच्या उशालगत, चढणीवर धूर ओकीत जाऊ लागली. डोळ्यांना दिसणारा, कानांना ऐकू येणारा आणि बाहेरगावाहून येणारा दोषी सापडला की माणसाचा शोध सहसा तेथेच थांबतो.

मग २४ मार्च १९९९ रोजी एका ट्रकला बोगद्यात आग लागली. त्या भीषण दुर्घटनेत ३९ जणांचा बळी गेला. बोगदा जवळजवळ तीन वर्षे बंद राहिला व २००२ साली टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाला. या काळात ट्रकांची रांग दक्षिणेकडील मोरियेन खोऱ्याकडे, फ्रेजुस बोगद्याच्या वाटेवर वळली. एका खोऱ्यातून ट्रक नाहीसे झाले आणि दुसऱ्यात ते दाटले. ज्या प्रयोगाची आखणी कोणत्याही शास्त्रज्ञाला परवडली नसती, तो एका शोकांतिकेने आपोआप घडवून आणला. ग्रनोबल व शांबेरी येथील संशोधकांनी ही संधी ओळखली. शामोनी व मोरियेन या दोन्ही खोऱ्यांत त्यांनी हवा गाळणारी यंत्रे बसविली आणि बोगदा बंद असतानाचे व पुन्हा उघडल्यानंतरचे, उन्हाळ्यातले व हिवाळ्यातले नमुने गोळा केले.

शामोनीच्या खोऱ्यात बाहेरचे ट्रक नव्हते. तरीही २००१ च्या हिवाळ्यात तेथील हवेत सेंद्रिय कणांचे आणि त्यांच्यासोबत असणाऱ्या घातक संयुगांचे प्रमाण उन्हाळ्याच्या कितीतरी पट आढळले. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी हे कण म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे.

'सेंद्रिय' म्हणजे चांगले नव्हे

आमच्या शेतकरी वाचकांना सेंद्रिय हा शब्द खत आणि भाजीपाला यांमुळे परिचयाचा आहे, आणि त्याला एक पवित्र वलयही लाभले आहे. रसायनशास्त्रात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. कार्बनच्या साखळ्यांनी व कड्यांनी बनलेली जी असंख्य संयुगे आहेत, ती सर्व सेंद्रिय. साखर सेंद्रिय आहे, तसेच डांबरही सेंद्रियच आहे.

हवेतील धूलिकणांपैकी १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकावाटे आत शिरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. आल्प्सच्या खोऱ्यांत या सूक्ष्म कणांचा सर्वांत मोठा वाटा सेंद्रिय पदार्थांचा असतो. माती, मीठ, गंधक किंवा नत्र यांची संयुगेही असतात, पण ती त्यामागून.

हे मोजण्याची रीत मोठी साधी आहे. क्वार्ट्झच्या पांढऱ्या गाळणीतून दिवसभर हवा ओढून घेतात. संध्याकाळी ती गाळणी करडी किंवा काळी झालेली असते. मग तिचा एक तुकडा भट्टीत ठेवून प्राणवायूविरहित हेलियम वायूत हळूहळू तापवितात. जो कार्बन नुसत्या उष्णतेने उडून जातो, तो सेंद्रिय. जो चिवटपणे मागे राहतो आणि प्राणवायू सोडल्यावरच जळतो, ती काजळी. डिझेल इंजिनाच्या धुरात काजळीचे प्रमाण मोठे असते. लाकडाच्या धुरात, विशेषतः ओल्या व धुमसणाऱ्या लाकडाच्या धुरात, सेंद्रिय भाग काजळीच्या मानाने पुष्कळ जास्त भरतो. ही पहिली खूण झाली. पण एवढ्यावरून कोणाला दोषी ठरविता येत नाही, कारण सेंद्रिय कण देवदाराच्या जंगलातूनही येतात आणि स्वयंपाकघरातूनही.

लाकडाचा ठसा

लाकडाचा मुख्य घटक म्हणजे सेल्युलोज. ते सुमारे ३०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापले की त्याचे तुकडे होतात आणि लेव्होग्लुकोसन नावाची एक शर्करा तयार होते. डिझेल, पेट्रोल वा नैसर्गिक वायू जाळून ती मिळत नाही. त्यामुळे हवेतल्या धुळीत लेव्होग्लुकोसन सापडले की जवळपास कोठेतरी लाकूड किंवा पालापाचोळा जळत आहे, हे निश्चित. आल्प्सच्या खोऱ्यांतील गाळण्यांवर हा पदार्थ हिवाळ्यात मुबलक आढळतो. उन्हाळ्यात तो जवळजवळ दिसेनासा होतो. शामोनीत ट्रक नसलेल्या हिवाळ्याचे कोडे येथे बव्हंशी उलगडते. तेथील हिवाळी कणांचा मोठा उगम घरे उबदार ठेवण्यासाठी पेटविलेल्या शेकोट्या व शेगड्या हा होता.

दुसरा पुरावा अधिक सूक्ष्म, आणि आम्हांला विचाराल तर अधिक सुंदर आहे. सजीवांमध्ये कार्बन-१४ हे किरणोत्सारी कार्बनचे रूप अत्यल्प प्रमाणात असते. त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचा. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या खनिज तेलातून ते केव्हाच संपून गेलेले असते. काल-परवापर्यंत उभ्या असलेल्या झाडात ते शाबूत असते. तेव्हा गाळणीवरील कार्बनमध्ये कार्बन-१४ किती उरले आहे हे मोजले, की कोणता हिस्सा जंगलातून आला आणि कोणता तेलाच्या विहिरीतून, याचा हिशेब लागतो. यात गणिताची एक अडचण आहे. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुस्फोट चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाले होते, त्यामुळे त्या काळात वाढलेल्या झाडांच्या लाकडात ते प्रमाणाबाहेर भरले आहे. जाळलेले झाड किती वयाचे होते, हेही मग हिशेबात धरावे लागते. क्षेपणास्त्रस्पर्धेच्या काळाची नोंद आजच्या धुरात सापडावी, हे विलक्षण आहे.

दक्षिण स्वित्झर्लंडमधील रोव्हेरेडो या गावाची निवड स्विस संशोधकांनी या मापनासाठी केली. सान बेर्नार्दिनो घाटाकडे जाणारा महामार्ग तेव्हा या गावाच्या अगदी मधून जात असे. २०१६ साली बोगदा होऊन तो गावाबाहेर गेला. महामार्ग दाराशी असल्याने तेलाचा कार्बनच वरचढ ठरेल, असे कोणालाही वाटले असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मात्र हिवाळ्यातील सेंद्रिय कार्बनचा फार मोठा भाग आजच्या झाडांचा, म्हणजे लाकडाच्या धुराचा निघाला. काजळीत डिझेलचा वाटा स्पष्ट दिसला, तरी तेथेही लाकूड मागे नव्हते.

खोऱ्यावरचे झाकण

येथे एक शंका येईल. शामोनी किंवा पासी यांसारख्या गावांत माणसे तरी किती, आणि त्यांच्या शेकोट्या त्या किती? तेवढ्या धुराने महानगराशी स्पर्धा करणारी हवा कशी बिघडते?

याचे उत्तर धुराच्या मात्रेत कमी आणि हवेच्या ठेवणीत अधिक आहे. सर्वसाधारणपणे जमिनीलगतची हवा उबदार असते आणि जसजसे वर जावे तसतशी ती थंड होते. उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते व आपल्यासोबत धूरही घेऊन जाते. हिवाळ्यातील निरभ्र, शांत रात्री याच्या उलट घडते. डोंगरउतारांवरील बर्फ आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतो. त्याला टेकलेली हवा थंड व जड होऊन पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. वर तुलनेने उबदार हवा, खाली थंड हवेचे तळे. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असल्याने तिला वर जाण्याची इच्छाच नसते, आणि धुरांड्यातून निघालेला धूर त्या तळ्यातच फिरत राहतो. आपल्याकडेही पौष-माघातल्या पहाटे परसातल्या बंबाचा धूर माडांच्या शेंड्यांपर्यंतही न जाता वाडीवर आडवा पसरलेला आपण पाहिला असेल. फरक इतकाच, की आपल्याकडे सूर्य वर आला, समुद्राकडून वारा सुटला की तासा-दोन तासांत सारे मोकळे होते.

पासीला ती मुभा नाही. डिसेंबरातला सूर्य तेथे आकाशात खालूनच सरकतो आणि उंच कड्यांमुळे तळापर्यंत थोडाच वेळ पोहोचतो; जो पोहोचतो त्याचे किरण बर्फ परत पाठवितो. त्यामुळे तळ तापत नाही आणि झाकण दुपारीही उघडत नाही. जास्त दाबाचे स्थिर हवामान असले, तर अशी स्थिती अनेक दिवस टिकते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रेंच हवामानशास्त्रज्ञांनी पासीच्या खोलगट भागात यंत्रे मांडून या थंड तळ्याचा कसून अभ्यास केला. भोवतालच्या उपखोऱ्यांतून रात्री उतरणारे वारेही तळाशी साचलेल्या हवेला ढवळून काढण्यास पुरे पडत नाहीत, असे दिसून आले. २०१६ च्या डिसेंबरात तर हे झाकण आठवडेच्या आठवडे बसून राहिले आणि खोऱ्यात प्रदूषणाचा इशारा सातत्याने लागू ठेवावा लागला. आसीच्या पठारावर आरोग्यधामे बांधणाऱ्या डॉक्टरांना हे शास्त्र आजच्या शब्दांत ठाऊक नसेल, पण धुक्याच्या वर राहावे हे त्यांना उमजले होते.

ट्रकविषयीच्या प्रश्नाचा खरा उलगडा येथेच होतो. ट्रक बाराही महिने धावतात. ऑगस्टमध्येही ते तितकाच धूर सोडतात. पण तेव्हा उतारांवरून दिवसभर वर चढणारे वारे खोरे धुऊन काढतात. हिवाळ्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात : झाकण बसते, आणि नेमक्या त्याच थंडीमुळे घराघरांत लाकूड पेटते. थंडी आणखी एक काम करते, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. लाकडाच्या धुरातील अनेक संयुगे उबदार हवेत वाफेच्या रूपात राहतात आणि गार हवेत गोठून कणांवर चिकटतात. सारखेच लाकूड जाळले, तरी जानेवारीत त्याचे कण अधिक होतात. बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे कणांना चिकटून असतात ती अशी. उन्हाळ्यात प्रखर सूर्यप्रकाश व ओझोन त्यांची मोडतोड करतात; हिवाळ्यात ती मोडतोड मंदावते.

उन्हाळ्याचे कण

उन्हाळ्यात हवा स्वच्छ होते, पण सेंद्रिय कण नाहीसे होत नाहीत. त्यांचे कूळ बदलते. देवदार, पाईन यांच्या वनात शिरल्यावर जो राळेचा सुवास येतो, तो टर्पीन नावाच्या वायुरूप संयुगांचा. ऊन चढले की झाडे ती अधिक सोडतात. ओझोन आणि सूर्यप्रकाशाने निर्माण होणारी इतर क्रियाशील द्रव्ये त्यांच्यावर तुटून पडतात, त्यांत प्राणवायू मिसळतो, ती जड व चिकट होतात आणि सूक्ष्म कण बनतात. धूर नसताना तयार झालेले हे कण प्राणवायूने समृद्ध, पाण्यात सहज विरघळणारे आणि बरेच 'प्रौढ' असतात. त्यांतील काही दूरवरच्या मैदानांतूनही वाऱ्याबरोबर आलेले असतात. याशिवाय परागकण, पानांचे तुकडे, बुरशीचे बीजाणू हे जाडसर कणही उन्हाळ्यात व शरदाच्या आरंभी वाढतात. बुरशीच्या बीजाणूंचा माग मॅनिटॉल व अरॅबिटॉल या शर्करांवरून काढतात. लेव्होग्लुकोसन उतरले की या शर्करा चढतात, असा हा वर्षाचा फेरा आहे. कार्बन-१४ ची कसोटी येथे एकटी पुरत नाही, कारण जंगलाचा सुवास आणि जळणारे लाकूड ही दोन्ही 'आजची झाडे'च. म्हणून दोन्ही खुणा एकत्र वाचाव्या लागतात.

मोरियेनचे खोरे या बाबतीत थोडे निराळे वागते. तेथे हमरस्ता आहे, सेंट जॉन यांच्या नावाचे जे मुख्य गाव तेथे आहे त्यात अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आहे, आणि त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्यातला फरक शामोनीइतका निव्वळ शेकोटीवर अवलंबून नाही. सर्व खोऱ्यांना एकच निदान लागू पडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. पासीच्या परिसरातही कार्बन व ग्राफाइटचा कारखाना आणि कचरा जाळण्याची भट्टी आहे, आणि रहिवासी त्यांच्याकडे बोट दाखवितात ते अकारण नव्हे. ट्रकही निर्दोष सुटत नाहीत : नायट्रोजनच्या ऑक्साइड वायूंचा आणि काजळीचा मोठा भार त्यांचाच आहे.

शेकोटीला हात लावताना

तरीही हिवाळ्यातील सेंद्रिय कणांचा पहिला दोषी घरातच बसलेला आहे, हे एकदा कळल्यावर काम सोपे झाले नाही. उलट अवघड झाले. ट्रकविरुद्ध मोर्चा काढता येतो. आजोबांनी बांधलेल्या दगडी शेकोटीविरुद्ध कोण मोर्चा काढणार? डोंगरातील कुटुंबांना लाकूड जवळच्या वनातून स्वस्तात मिळते, आणि वीज किंवा तेल महाग पडते. शिवाय एक तिढा असा, की हवामानबदलाच्या चर्चेत लाकूड हे पुन्हा उगवणारे इंधन म्हणून गौरविले गेले होते. वातावरणाचा ताप कमी करणारे इंधन आणि शेजाऱ्याची छाती भरून टाकणारे इंधन एकच असू शकते, हे सरकारलाही उशिरा उमगले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकाच्या विसाव्या परिच्छेदात स्वयंपाकाच्या व ऊब मिळविण्याच्या इंधनांच्या धुराने माणसे आजारी पडत असल्याचा निर्देश केला आहे. तो वाचताना आपल्या डोळ्यांसमोर गरीब देशांतील चूल येते. आल्प्समधील सुखवस्तू दिवाणखाना येत नाही.

२०१३ साली आर्व्हच्या खोऱ्यात एक निधी उभारण्यात आला. जो कुटुंबप्रमुख उघडी शेकोटी किंवा जुनी शेगडी मोडून नवी, बंदिस्त व कमी धूर देणारी शेगडी बसवील, त्याला त्यातून आर्थिक साहाय्य मिळू लागले. उघड्या शेकोटीतील उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के खोलीला लाभते, बाकीची धुरांड्यातून निघून जाते. बंदिस्त शेगडीत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. म्हणजे लाकूड कमी लागते व धूरही कमी होतो. निधीचा पैसा खरोखर हवेत उतरतो का, हे पाहण्यासाठी संशोधकांनी खोऱ्यात पुन्हा गाळण्या लावल्या व लेव्होग्लुकोसनवर नजर ठेवली. आम्हांला ही गोष्ट विशेष वाटते. योजनेचे यश किती शेगड्या वाटल्या यावर न मोजता हवेत काय उरले यावर मोजणे, हे सर्वत्र घडत नाही.

शेगडी नवी असली तरी काम तिच्यावर सोपवून चालत नाही. ओले लाकूड धुमसते, आणि धुमसणाऱ्या लाकडाचा धूर सर्वांत वाईट. म्हणून लाकूड फोडून, आडोशाला, वारा लागेल असे किमान दीड-दोन वर्षे वाळवावे लागते. आग ढिगाच्या तळाशी न लावता वरून लावावी, म्हणजे खालून उठणारी वाफ ज्वाळेतून जाताना जळून जाते, असेही तेथील कुटुंबांना शिकविण्यात येते. रात्रभर ऊब राहावी म्हणून शेगडीचे दार लावून, हवेची झडप बंद करून लाकूड मंद ठेवण्याची जुनी सवय मात्र सुटता सुटत नाही. नेमकी हीच सवय रात्रीच्या झाकणाखाली सर्वांत जास्त धूर भरते.

अनुदान पुरेसे नाही असे दिसल्यावर कायदा आला. १ जानेवारी २०२२ पासून आर्व्हच्या खोऱ्यात उघड्या शेकोटीचा वापर करण्यास मनाई आहे. तत्पूर्वी रहिवासी न्यायालयातही गेले होते. ग्रनोबलच्या प्रशासकीय न्यायालयाने २४ नोव्हेंबर २०२० रोजी, खोऱ्यातील हवा सुधारण्यात शासन कमी पडले हे मान्य केले. परंतु अर्जदारांचे आजार त्याच हवेमुळे झाले हे सिद्ध झाले नाही असे म्हणून त्यांना नुकसानभरपाई दिली नाही. ज्या आईने दर हिवाळ्यात आपले मूल खोकताना पाहिले, तिला असा निकाल किती कोरडा वाटला असेल याची कल्पना करता येते. आणि तरी न्यायालयाची अडचणही खरी आहे : ८५ मृत्यू हा आकडा संपूर्ण लोकसंख्येच्या गणितातून निघतो, त्यांतील कोणता मृत्यू कोणाच्या धुरांड्याचा, हे कोणतीही गाळणी सांगू शकत नाही.

दरम्यान मापदंड अधिक कडक होत चालले आहेत. युरोपीय संघाच्या जुन्या नियमानुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे दैनिक प्रमाण घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा वर्षातून जास्तीत जास्त ३५ दिवस ओलांडू शकत होते. २०२४ मध्ये संमत झालेल्या नव्या निर्देशानुसार २०३० पर्यंत ही मर्यादा ४५ मायक्रोग्रॅमवर आणि सवलतीचे दिवस १८ वर येणार आहेत. पासीच्या खालच्या मजल्यावर हे दिवस मार्च ते ऑक्टोबर क्वचितच खर्ची पडतात. ते डिसेंबर व जानेवारीत जातात. माणसे कामावरून घरी परततात, पहिली काडी पेटते आणि आसीच्या पठारावरून पाहणाऱ्याला खोऱ्यातला पट्टा दाटत जाताना दिसतो, त्या संध्याकाळच्या तासांत.